पुस्तकं काढायची शिडी

२ फेब्रुवारी, सोमवार

मी नोकरीला लागले! हे वाक्य आधी उद्गारचिन्हाविना लिहिले होते; परंतु ते इतके गंभीर दिसू लागले की कुणी वारल्याची बातमी वाटावी. म्हणून चिन्ह पुन्हा घातले आहे.

शिड्यांचा कारखाना आहे. खाली लाकडाचा भुसा आणि ॲल्युमिनियमचा खणखणाट, वर काचेची एक खोली, आणि त्या खोलीत माझे टेबल. रंगाऱ्यांच्या शिड्या, घडीच्या शिड्या, माळ्यावर चढायच्या शिड्या. आणि एका कोपऱ्यात, जुन्या चादरीखाली झाकलेली, पुस्तकांच्या कपाटासमोर रुळावरून सरकणारी लाकडी शिडी. चादर बाजूला केली तेव्हा मला गहिवरून आले. कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मी खोटी शिंक दिली.

मालकीणबाईंनी मुलाखतीत एकच प्रश्न विचारला. "शाळेत कायम पहिली यायचीस म्हणे?"

मी मान हलवली.

"बोलत नाहीस. बरंय, इथे बोलणारे पुष्कळ आहेत. लिहितेस ना? वेबसाइटवर लिहायचं. ही पुस्तकांची शिडी बघ. हौसेनं केली, पण वेबसाइटवरून अजून एकही गेली नाही. मार्चअखेर एक गिऱ्हाईक आण. ओळखीचं नको, आपलं नाव माहीत असलेलं नको. इंटरनेटवर शोधता शोधता आलेलं हवं. आलं तर तू कायम. नाही आलं तर ते पानही काढून टाकू आणि..."

त्यांनी वाक्य पुरे केले नाही. पुरी न केलेली वाक्ये मला फार स्पष्ट ऐकू येतात.

तसे झाल्यास एप्रिलपासून काकांच्या गावी, काकांच्या कचेरीत, आवक-जावक टेबलावर शिक्के मारायचे, असे बाबांनी ठरवून ठेवले आहे. काका म्हणतात, काम शांत आहे. स्मशानही शांत असते.

४ फेब्रुवारी, बुधवार

संकेतस्थळाचे तंत्रज्ञ आज आले. इतके उंच आहेत की दारातून वाकून यावे लागते. कारागीर त्यांना 'बांबू' म्हणतात आणि तेही ओ देतात. माझ्याशी बोलताना ते माझ्या मागच्या भिंतीकडे पाहतात, मी त्यांच्या खिशातील पेनाकडे पाहते. त्यामुळे संभाषण अत्यंत सुरळीत पार पडले.

"ही लिंक बघा," ते भिंतीला म्हणाले. "'अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा.' अख्ख्या वेबसाइटवर हेच. येथे म्हणजे कुठे?"

पेनाकडे पाहून मी मान डोलावली.

"सर्च इंजिन लिंकवरचे शब्द वाचतं. ती लिंक ज्या पानावर नेते ते पान कशाबद्दल आहे, याचा अंदाज त्या शब्दांवरून बांधतं. नेमकं किती वजन देतं ते कुणालाच माहीत नाही, पण देतं. दुसऱ्यांनी आपल्याला दिलेल्या लिंका आपल्या हातात नाहीत. पण आपल्याच एका पानावरून आपल्याच दुसऱ्या पानावर जाणाऱ्या? त्या तर आपणच लिहितो. आणि लिहितो काय? येथे, येथे, येथे."

"म्हणजे वाट विचारणाऱ्याला 'तिकडे' एवढंच सांगायचं," मी म्हणाले.

मोठ्याने म्हणाले! त्यांची नजर भिंतीवरून घसरून थेट माझ्यावर आली. मग आम्ही दोघेही एकाच वेळी खाली पडलेले काहीतरी शोधू लागलो. काहीही पडलेले नव्हते.

किती सुंदर व्यवस्था आहे ही! लिंकला मी 'दुवा' म्हणते. प्रत्येक दुवा म्हणजे एका पानाने दुसऱ्या पानाची करून दिलेली ओळख. आणि ती ओळख कोणत्या शब्दांत करून द्यावी, हे ठरवायचे मी. मी, जिला पाहुण्यांसमोर पाण्याचा पेला ठेवतानाही घाम फुटतो! घरी येताना दोनदा चुकीच्या गल्लीत वळले आणि दोन्ही वेळा हसू आले.

९ फेब्रुवारी, सोमवार

संकेतस्थळावरील सारे 'येथे' नाहीसे केले. पुस्तकांच्या शिडीच्या पानाकडे जिथून जिथून दुवा जातो, तिथे तिथे नवे शब्द घातले. निबंधात एकच शब्द पुन्हा आला की आमच्या बाई लाल वर्तुळ काढीत, त्यामुळे पुनरुक्ती मला कधीच सोसत नाही. एका दुव्यावर 'ग्रंथसोपान', दुसऱ्यावर 'ज्ञानारोहिणी', तिसऱ्यावर 'वाचकाची उंच सखी'. रंगाऱ्यांच्या पानावरून जाणाऱ्या दुव्याला 'फलकस्पर्शिनी' हा शब्द सुचला तेव्हा मी खुर्चीतून चक्क उठून उभी राहिले.

सहकाऱ्यांना दाखवले. त्यांनी वाचले, पुन्हा वाचले.

"सुंदर आहे," ते भिंतीला म्हणाले. "म्हणजे, फारच सुंदर आहे." मग बराच वेळ रिकामा कप ओठांना लावून बसले. कामाचा ताण असावा.

रात्री जेवताना बाबांनी विचारले, "अगं, ती तुमची पुस्तकं काढायची शिडी..."

"ग्रंथसोपान, बाबा."

"तेच ते." जेवण झाल्यावर ते फोन डोळ्यांजवळ नेऊन, लांब नेऊन, एका बोटाने काहीतरी टाइप करीत बसले. "सापडत नाही काही," असे पुटपुटले. चष्मा कपाळावर होता. मी तसे सांगितले. "हां, हां," म्हणाले आणि तरीही शोधतच राहिले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज माझे छायाचित्र काढण्यात आले. माझे नव्हे, शिडीचे, परंतु शिडीवर कुणीतरी हवे होते आणि मालकीणबाई म्हणाल्या, "पहिल्या नंबराला चढवा. वजनाला हलकी आहे आणि पळून जाणार नाही."

मागे पुस्तकांचे कपाट उभे केले होते. पुस्तके शोभेची असतील असे वाटले होते, तर वरच्या फळीवर खराखुरा जाडजूड शब्दकोश! मी तो 'ग'पाशी उघडला. पुढचे मला नीटसे आठवत नाही. भानावर आले तेव्हा कारखाना जेवणासाठी रिकामा झाला होता, मी शिडीवरच होते, 'घ'मध्ये पोचले होते, आणि ते गृहस्थ, कॅमेरा गळ्यात अडकवून, दोन्ही हातांनी शिडी धरून खाली उभे होते.

शिडीला ब्रेक आहेत. ते त्यांना ठाऊक असायला हवे होते.

"अगं ए पहिला नंबर!" मालकीणबाई जिन्यातून ओरडल्या. "वाचायचा पगार देत नाही मी! आणि तू रे बांबू, तू काय खांब झालास?"

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मोठा आघात. शोधयंत्रातून माझ्या पानावर आजवर एकही माणूस आलेला नाही.

"रागावणार नाही ना?" बांबू भिंतीला म्हणाले. (कारागिरांचे ऐकून माझ्याही तोंडी हे नाव बसले आहे.) "फलकस्पर्शिनी... कोण शोधणार हो? आणि एकाच पानाला आपण इतकी वेगवेगळी नावं दिली की ते पान नेमकं कशाचं, हेच सर्च इंजिनला उमगेना."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही खुर्चीतून उठून उभ्या राहिला होतात," ते म्हणाले. हे काही कारण झाले का? माझ्या उभे राहण्याचा आणि तांत्रिक सल्ल्याचा संबंध काय, मला अजून कळलेला नाही.

मी तोंड धुऊन आले आणि दुपारभर खपून प्रत्येक दुव्यावर एकच शब्द लिहिला: शिडी. घडीच्या पानाकडे जाणारा दुवा, 'शिडी'. माळ्याच्या पानाकडे जाणारा, 'शिडी'. पुस्तकांच्या, 'शिडी'. पुनरुक्तीच हवी ना? घ्या!

बांबूंनी पाहिले आणि त्यांचे खांदे हलू लागले. "वर्गात सगळ्याच मुलांना 'बाळ' म्हणून हाक मारली, तर उठायचं कुणी?" हसत होते! मग मीही हसू लागले. हसणे थांबेना. मालकीणबाई दार उघडून आत आल्या, आमच्याकडे पाहून दार लावून परत गेल्या.

रात्री ताटावर बसून सर्वांना सगळे समजावले. नोकरीची धाकधूक असताना मी एवढी बडबड का करीत होते, देव जाणे. एका पानाला अनेक नावे नकोत, अनेक पानांना एक नाव नको. एक पान, एक नाव.

धाकटी बहीण म्हणाली, "मग इतके दिवस तू तंत्रज्ञ म्हणतेस, सहकारी म्हणतेस, ते गृहस्थ म्हणतेस. हे तिघे एकच पान ना गं, ताई?"

"कामातील संदर्भानुसार उल्लेख बदलतो," मी म्हणाले.

"कान लाल झालेत तुझे."

"तिखट आहे."

"भात आहे तो!"

बाबांचे आमच्याकडे लक्ष नव्हते. ते माझ्या पुस्तकांच्या भिंतीला मापाची टेप लावत होते. विचारले तर म्हणाले, "ओल आलीय का बघतोय." ओल टेपने मोजतात हे मला नवे होते. मग टेप गुंडाळत म्हणाले, "काय शोधायचं म्हणालीस ते? ती आपली... पुस्तकं काढायची शिडी."

"ग्रंथ..." मी सुरुवात केली, आणि घास हातातच राहिला.

पुस्तकं काढायची शिडी. गेले कित्येक दिवस ते हेच म्हणत आहेत आणि मी गेले कित्येक दिवस त्यांना सुधारते आहे!

मी उठून बाबांना मिठी मारली. हात खरकटा होता. त्यांच्या सदऱ्यावर वरणाचा पंजा उमटला. "अगं, ओल नाहीये, एवढं काय!" ते म्हणाले.

२५ फेब्रुवारी, बुधवार

सारे दुवे पुन्हा लिहिले. आता पुस्तकांच्या शिडीकडे नेणाऱ्या दुव्यांवर 'पुस्तकं काढायची शिडी' असते, कुठे 'वरच्या फळीवरची पुस्तकं काढायची शिडी'. वाक्यात जसे सहज येईल तसे. घडीच्या शिडीला तिचे नाव, माळ्याच्या शिडीला तिचे. पानाचे शीर्षकही बदलले. 'फलकस्पर्शिनी'ला निरोप देताना थोडे भरून आले, परंतु ती या जगासाठी नव्हतीच.

एक नवी गोष्ट शिकले. मुखपृष्ठावरील छायाचित्राचाच दुवा केलेला आहे. चित्रावर शब्द नसतात. म्हणून चित्रामागे, पडद्यावर दिसत नाही असे, एक वर्णन लिहायचे असते. ज्यांना चित्र दिसत नाही त्यांना यंत्र ते वाचून दाखवते, आणि शोधयंत्र तेच त्या दुव्याचे शब्द समजते. मी कुतूहलाने आमच्या छायाचित्रामागचे वर्णन उघडले. बांबूंनी लिहिले होते:

'वर एक मुलगी. पुस्तकात हरवलेली, खाली यायचं विसरलेली.'

वाक्यरचना निर्दोष आहे. लयही आहे. परंतु शिडीचा उल्लेखच नाही! मी ते काढून 'पुस्तकं काढायची शिडी' असे लिहिले आणि त्यांना सांगितले, "तुमचं वर्णन भावपूर्ण आहे, पण शोधयंत्राच्या दृष्टीनं अपुरं आहे."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "सर्च इंजिनसाठी नव्हतंच ते."

"मग कुणासाठी होतं?"

"चहा घेणार?" त्यांनी भिंतीला विचारले. आमचा चहा नुकताच झाला होता. मी ते त्यांच्या निदर्शनास आणून दिले.

ते वाक्य फुकट जाऊ नये म्हणून वर उतरवून ठेवले आहे. केवळ शैलीचा नमुना म्हणून. आज चारदा वाचले.

९ मार्च, सोमवार

शोधयंत्राला घाई नसते. ते सवडीने येते, पाने पुन्हा वाचते, विचार करते. मी मात्र वेडी होत चालले आहे. आज शोधल्यावर आमचे पान निकालांच्या तिसऱ्या पडद्यावर दिसले! खूप खाली, स्नानगृहाच्या स्टुलांच्या आणि एका पोपटाच्या शिडीच्या मधोमध; पण दिसले. मी बांबूंची बाही ओढली. नंतर लक्षात आले की बाही अजून माझ्याच हातात आहे. त्यांनी ती परत मागितली नाही.

घरी काकांचा फोन आला होता. टेबल खिडकीपाशी ठेवले आहे म्हणाले. बाबा "बघू" म्हणाले. पूर्वी "पाठवतो" म्हणत असत.

२६ मार्च, गुरुवार

आली! मागणी आली! एक नग, पुस्तकं काढायची शिडी, शोधयंत्रातून आलेल्या गिऱ्हाइकाकडून. मी टाळ्या वाजवल्या, खाली कारागिरांनी शिडीवर हातोड्या वाजवल्या, बांबूंचे डोके दाराच्या चौकटीवर आपटले. मग मी पत्ता वाचला.

आमच्याच घराचा पत्ता होता.

असे वाटले की मीही रुळावरून घसरत घसरत थेट काकांच्या खिडकीपाशी जाऊन थांबले. कुणाला कळले नसते. हेच आडनाव पुष्कळांचे असते. परंतु मी जिना चढून मालकीणबाईंकडे गेले आणि म्हणाले, "हे गिऱ्हाईक चालणार नाही. हे माझे बाबा आहेत."

आजवर मी त्यांच्यासमोर उच्चारलेले हे सर्वांत मोठे भाषण. त्यांनी माझ्याकडे पाहिले, फोन उचलला, आणि आवाज सर्वांना ऐकू येईल असा मोठा करून नंबर लावला.

"नमस्कार. शिडी मागवलीत ती लेकीची नोकरी टिकावी म्हणून का हो?"

"नोकरी?" बाबा म्हणाले. "छे हो! ती स्टुलावर स्टूल ठेवून चढते. एक दिवस मान मोडून घेईल. मी महिनाभर शोधतोय. सापडलीच नाही. शेवटी दुसऱ्यांकडून घेणार होतो, तर काल सगळ्यात वर तुमचीच!"

"अहो, पण मुलगी इथंच कामाला. तिलाच विचारायचं!"

"विचारलं ना. ती म्हणाली, ग्रंथ-काहीतरी म्हणा. तेवढं मला टाइप करता येईना." मग आवाज खाली आला. "ती तिथंच आहे का? तिला सांगू नका हं. ओल बघतोय असं सांगितलंय मी."

बांबू खोकला आल्यासारखे करून वळले. मला शिंक आली. या वेळचीही खरी नव्हती.

मालकीणबाईंनी फोन ठेवला आणि पदराने डोळे पुसले, हसल्यामुळे असावे. "शिडी जाईल तुमच्या घरी," त्या म्हणाल्या. "पण बापाची शिडी मोजायची नाही. नियम म्हणजे नियम. अजून मंगळवारपर्यंत वेळ आहे."

३१ मार्च, मंगळवार

दुपारपर्यंत काही नाही. मी टेबल आवरले. बांबू समोर बसून एकही कळ न दाबता पडद्याकडे पाहत होते.

"तिकडे इंटरनेट आहे का? काकांच्या गावी?" त्यांनी विचारले.

"शिक्के आहेत," मी म्हणाले.

"मग तिथे वेबसाइट लागेलच की त्यांना. मी येऊन करून देईन. लांब नाही तसं."

"सहा तास लागतात."

"तेच म्हणतोय. लांब नाही."

तेवढ्यात फोन वाजला. फोन मी कधीच उचलत नाही, पण बांबूंचा हात लांब असूनही हलेना, म्हणून उचलला.

"ती पुस्तकं काढायची शिडी तुमचीच का?" एक बाई, भरभर बोलणाऱ्या. "फोनवर शोधत होते तर तुमचंच पान आलं. पण खरं सांगू का, माझ्याकडे पुस्तकं नाहीत. लोकरीचं दुकान आहे. गुंडे छतापर्यंत गेलेत, आणि निळा नेमका सगळ्यात वर. चालेल का?"

"आपण," मी म्हणाले, "आमच्यापैकी कुणाला ओळखता का? मालकीणबाईंना? माझ्या वडिलांना?"

"नाही बाई. ओळख लागते का? शिडीला?"

"नाही! मुळीच नाही! निळा काढता येईल. हिरवाही काढता येईल!" मी किंचाळत होते. "रुळावरून सरकते! ब्रेक आहेत! वर बसून विणताही येईल!"

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "मग दोन पाठवा. समोरच्या भिंतीलाही गुंडे आहेत."

मालकीणबाई दारात उभ्या होत्या. "हिला फोनवर बसवा रे," त्या कुणाला तरी म्हणाल्या. "आणि पहिला नंबर, ते टेबल परत पसर. आवरलेलं बरं नाही दिसत."

खाली हातोड्या वाजू लागल्या. बांबू उठले ते सरळ चौकटीवर आपटले आणि कपाळ चोळत हसत राहिले.

५ एप्रिल, रविवार

आज घरी शिडी आली. रूळ बसवायला एक कारागीर आला, आणि त्याच्यासोबत, काहीही कारण नसताना, बांबू. रूळ बसवण्यात त्यांचा वाटा इतकाच की ते मध्ये उभे होते.

"हे कोण?" बाबांनी मला विचारले.

धाकटी उशीत तोंड खुपसून बसली होती. माझ्या ओठांवर तंत्रज्ञ आले, सहकारी आले, ते गृहस्थ आले. एकेक करून सारे परत गेले.

"बांबू," मी म्हणाले.

"ठरलं एकदाचं," उशीतून आवाज आला.

"बसा," बाबा त्यांना म्हणाले. "ते ग्रंथ-काय होतं, ते तुम्ही लिहिलेलं का?"

"नाही. पण मला दाखवलं तेव्हा मी 'सुंदर आहे' म्हणालो होतो."

"का म्हणालात?"

बांबूंनी भिंतीकडे पाहिले. तिथे आता शिडी होती. बाबांनी त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि चहा टाकायला स्वतः आत गेले. बाबांना आजवर चहा टाकताना मी पाहिलेले नाही. साखर कुठे असते, हे त्यांनी आतून तीनदा विचारले.

मी शिडीवर चढले. ती खरोखरच सरकते! खिडकीपासून दारापर्यंत एका धक्क्यात. सर्वांत वरच्या फळीवर, स्टुलावर स्टूल ठेवूनही जिथे कधी हात पोचला नव्हता, तिथे शाळेत बक्षीस मिळालेले पुस्तक धूळ खात पडले होते. म्हटले, एकच पान वाचावे.

मान वर केली तेव्हा कारागीर गेलेला होता, चहावर साय आली होती, आणि बांबू खाली, दोन्ही हातांनी शिडी धरून उभे होते.

"ब्रेक आहेत हिला," मी म्हणाले.

"माहीत आहे," ते म्हणाले. भिंतीकडे न पाहता.

उद्या कामावर गेल्यावर छायाचित्रामागचे वर्णन सुधारणार आहे: 'पुस्तकं काढायची शिडी. वर एक मुलगी, खाली यायचं विसरलेली.' आता शिडीचा उल्लेख आरंभीच आहे. शोधयंत्राला बोध होईल.